धुतलेली राख

परवा गच्चीतल्या कुंडीत मिरचीच्या पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या आणि माझा हात राखेसाठी चुलीकडे निघाला. घरात चूल नाही हे मला ठाऊक आहे. बोईसरच्या या फ्लॅटमध्ये ती कधी नव्हतीच. पण हाताला कोण सांगणार? तो अजून जुन्याच घरात राहतो. सून म्हणाली, "आई, काय शोधताय?" मी म्हटलं, "राख." ती माझ्याकडे बघतच राहिली. या घरात मागवला तर दारात पिझ्झा येतो, पण मूठभर राख मागितली तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

दसरा नुकताच झाला आहे. दुपारी ऊन भाजून काढतं आणि पहाटे पायाशी चादर ओढावी लागते, असे हे दिवस. या दिवसांत लोकांना फराळाचा वास आठवतो. मला सुक्या मासळीच्या खताचा आठवतो, त्याला माझा इलाज नाही. मासळीचं खत, ओली वाळू आणि कापून आडवा घातलेला ताग, या तिघांचा मिळून एक वास होतो. तो वास सुगंध नाही हे मी कबूल करते. पण सन साठ-पासष्टच्या सुमारास, लग्न होऊन सासरी आले त्या पहिल्या हिवाळ्यात, तो माझ्या साडीत, केसांत, उशीत शिरला आणि मग गेलाच नाही. सुनेला हे सांगून उपयोग नाही. तिला खत म्हणजे नर्सरीतून आणलेली पिशवी.

मी पालघरची. माहेर स्टेशनपासून चालत जाण्यासारखं, तिथली माती काळसर, चिकट, पावसात चप्पल धरून ठेवणारी. सासर दांडी गावाच्या अलीकडे, समुद्राच्या आवाजात. तिथली जमीन चप्पल धरत नाही आणि पाणीही धरत नाही. घागर ओतली की पाणी क्षणभर चमकतं आणि मग कुठे जातं ते कळत नाही. पहिल्या दिवशी विहिरीवर पाय धुतले, मागे वळून पाहिलं तर ओल गायब. मला वाटलं, या जमिनीला काहीही दिलं तरी ती विसरून जाणार. हे मी मनात म्हटलं, मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. नव्या सुनेने जमिनीला नावं ठेवली असती तर तीच गोष्ट गावभर झाली असती.

ही वाळूची वाडी होती मथुराकाकीची. मथुराकाकी म्हणजे माझी चुलत सासू, मामंजींच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ तरुणपणीच गेला, पदरी मूल नव्हतं. वाटणीत त्याच्या नावाने आलेला तुकडा, विहिरीपासून पुळणीपर्यंतचा, तो काकी करायची. राहायची आमच्याच घरात, जेवायची आमच्याच चुलीवर, पण वाडीतली भाजी घरात आणून टाकताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी तेव्हाच ओळखलं. आपण या घरात फुकट खात नाही, हे ती रोज टोपलीभर वांगी-मिरच्यांनी सांगायची. बोलणं तसं कमीच. दिवसभर वाकलेली, उन्हाने रापलेली, आणि चालायला लागली की मला तिच्या मागे जवळजवळ धावावं लागे.

आता एक गमतीची गोष्ट सांगते. मामंजी नात्याने काकीचे थोरले दीर, भासरे. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि दोघंही रीत पाळणारी. पूर्वी सासूबाई मध्यस्थ होत्या. त्या गेल्यावर बरीच वर्षं त्यांचं बोलणं म्हणे दारं, गाई आणि मांजरं यांच्यामार्फत चाले. मी आले आणि मांजरांची सुटका झाली. मामंजी ओटीवर, काकी दाराआड, मधे मी. मामंजी म्हणत, "विचार तुज्या काकीला, रताळ्यांना पाणी दिलं का." काकीला ते माझ्याइतकंच स्पष्ट ऐकू येई. तरी मी मान वळवून विचारायचं, "काकी, रताळ्यांना पाणी दिलं का?" काकी म्हणे, "सांग त्यांना, दिलं." मी परत मान वळवून, "दिलं म्हणाल्या." त्या वर्षी माझी मान फार दुखायची.

आणि त्याच वर्षी या मानेवर एक मोठा निरोप आला. आदल्या हिवाळ्यात वाळूतली रताळी गेली होती. गेली म्हणजे वेल भरपूर, नजर लागावी असे हिरवेगार, आणि खाली खणावं तर उंदराच्या शेपट्या. काकीने मासळीचं खत हात राखून घातलं नव्हतं, पाणीही भरपूर दिलं होतं. वेल सगळं खाऊन वर पसरले, खाली काही उतरलंच नाही. शिवाय त्या सुमारास किनाऱ्याकडे मोठ्या बांधकामाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. बोईसरच्या रस्त्याने ट्रक येऊ लागले, वाडीवर कामाला येणारे हात तिकडे जाऊ लागले, आणि बांधकामाला सुरूच्या झाडांचे वासे हवे म्हणून माणसं गावोगाव विचारत फिरू लागली. सुरू वाळूत येते, तिला खत नको, राखण नको, माणूस नको. मामंजींचा हिशेब सरळ होता आणि खरं सांगायचं तर चुकीचाही नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते ओटीवरून म्हणाले, "सांग तिला, अजून एक हिवाळा बघू. शिवरात्रीला रताळी निघाली तर वाडी तशीच राहील. नाय निघाली तर येत्या पावसाळ्याला सगळीकडं सुरू." मी मान वळवली. काकी दाराआड उभी होती, हातात तांदळाचं सूप. मी निरोप पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं. मग हळू म्हणाली, माझ्यासाठी, त्यांच्यासाठी नाही, "सुरूखाली गवत पन नाय उगवत गो. मग मी काय करू? ओटीवर बसून र्‍हाऊ? बसून खायला मी काय म्हातारी हाय?" तिचा प्रश्न मी ओटीवर पोचवला नाही, आणि मामंजींनीही विचारलं नाही.

सुरूची रोपं तोवर आलीच होती. फुटक्या डब्यांत, करवंट्यांत लावलेली, विहिरीजवळच्या सावलीत रांगेने ठेवलेली. मामंजी सकाळी त्यांच्याकडे एक नजर टाकून जात. पाणी मात्र काकी घालायची. मला ते बघवत नसे. एकदा मी म्हटलंच, "कशाला घालता? सुकली तर बरंच की." काकी म्हणाली, "त्यांनी माजं काय केलंय? रोप हाय ते, तान लागते त्याला." आणि शेवटच्या डब्यापर्यंत घागर ओतून मग ती रताळ्यांकडे वळायची.

राखेचं काकीच्या डोक्यात आधीपासून होतं. तिच्या माहेरी भोपळ्याच्या आळ्यात, केळीच्या बुडाशी चुलीची राख घालत आणि कंदाला, फळाला राख मानवते एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. का मानवते, हे तेव्हा आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. पोत्यातलं खत गावात नुकतंच येऊ लागलं होतं, पण ते भाताला. वाळूच्या तुकड्यासाठी ते मागायला काकी जाणार नव्हती आणि तिला कुणी देणारही नव्हतं. पावसाळ्यात तिने वाडीत ताग पेरून घेतला होता, फुलावर येताच कापून वाळूतच आडवा घातला होता. "वाळूला काय तरी पांघरून पायजे," म्हणायची. आता उरली राख. घरच्या एका चुलीची राख भांडी घासण्यातच संपे. म्हणून आम्ही निघालो दांडीला, कोळीवाड्यात, डोक्यावर वांग्यांच्या टोपल्या घेऊन.

राखेला भाजी, असा आमचा व्यवहार. चांगुणाबाय काकीची जुनी ओळखीची, नवरा-दीर होडीवर जाणारे, अंगणात बोंबील वाळत घातलेले आणि तिचा आवाज वाऱ्यावर मात करणारा. काकीला बघताच तिने पुढे येऊन टोपली उतरवून घेतली. राख हवी म्हटल्यावर तिला हसू आलं, पण आत जाऊन तिने जी राख आणली ती बघून मी थक्क झाले. पांढरी, मऊ, खडा नाही की कोळसा नाही. आमच्या चुलीची राख काळपट, कोळशाचे तुकडे असलेली. "आमच्याकडची राख हाय ही," चांगुणाबाय म्हणाली, "पावडर लावल्यावानी." तिने शेजारणींनाही हाका मारल्या. ज्यांच्याकडे अशी पांढरी राख होती त्यांनी ती दिली आणि आम्ही टोपल्या भरून परत आलो.

तिच्या अंगणात, पडवीच्या कडेला, बुडाला भोक पाडलेलं एक मडकं तिपाईवर ठेवलेलं होतं, आणि त्याखाली एक घमेलं. मडक्यातून थेंब थेंब पिवळसर पाणी गळत होतं. मी ते पाहिलं. काकीनेही पाहिलं, कितीतरी वर्षं पाहत आली होती. मासळीच्या तेलाने माखलेले कपडे त्या पाण्याने धुतात, साबणाहून साफ निघतात, एवढं आम्हाला ठाऊक होतं. अंगणात मडकं होतं, टोपलीत राख होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांपुढे होत्या आणि आम्ही त्या जोडल्या नाहीत.

त्या राखेला काकीने जपलं म्हणजे किती जपलं! दिवाळीत एकदा अवेळी सर आली तेव्हा ती जेवणावरून उठली आणि राखेच्या मडक्यांवर झाकणं आहेत की नाही ते बघून आली. मग वरंबे केले, रताळ्यांच्या वेलांचे तुकडे लावले, बुडाशी मूठमूठ राख दिली, आणि रोज पाणी. वेल पसरायला लागले. काकी संध्याकाळी पुळणीकडच्या बांधावर बसून त्यांच्याकडे बघायची. मीही जाऊन बसे. समुद्र मागे, वेल पुढे, दोघींच्या मधे फारसं बोलणं नाही. त्या घरात मला सगळ्यात मोकळं तिथे वाटायचं.

मार्गशीर्ष सुरू झाला आणि खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. मग तपकिरी, मग करपलेल्या. पान मधे हिरवं, कड मात्र जळलेली, कुणी मेणबत्तीवर फिरवून घेतल्यासारखी. आदल्या वर्षीही वरच्या हिरवळीखाली असंच झालं होतं, काकीने लगेच ओळखलं. ती एक पान तोडून घेऊन विहिरीच्या काठावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी जवळ गेले तर म्हणाली, "राख घातली की गो. अजून काय घालू?" तिच्या आवाजातलं ते थकलेपण मी आजही विसरले नाही. मला फार भीती वाटली. काकी रडली असती तर मी धीर दिला असता. ती रडत नव्हती, तिने नुसतं सुरूच्या रोपांकडे पाहिलं. रोपं छान वाढली होती.

पुढे कित्येक वर्षांनी रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात मी 'पालाश' हा शब्द ऐकला. फळ भरायला, कंद पोसायला पालाश लागतो, तो कमी पडला की जुन्या पानांच्या कडा करपतात, आणि रेताड जमिनीत तो टिकत नाही, पाण्याबरोबर खाली निघून जातो. मासळीच्या खतात तो थोडा, लाकडाच्या राखेत भरपूर. मी भाजी निवडत होते, हातातली जुडी तशीच राहिली. एवढीच गोष्ट होती. आम्ही ती एका हिवाळ्यात, करपलेली पानं हातात घेऊन, भीत भीत शिकलो होतो. पण शब्द ऐकून बरं वाटलं. आपण ज्याच्याशी भांडलो त्याला काही नाव होतं, हे कळलं की उगाच समाधान वाटतं.

तर त्या मार्गशीर्षात एक सकाळ. मी भांडी घासायला बसले होते. आदल्या रात्रीच्या बोंबलाच्या कालवणाचं पातेलं, त्याला तेलाचा थर. चुलीपाशी राख नव्हती, ती मी आदल्याच दिवशी संपवली होती. म्हणून मी काकीच्या मडक्यातली चिमूटभर, बरं, मूठभर घेतली. घासते, घासते, तर पातेलं घासल्यासारखं दिसतंय पण बोट फिरवलं की चिकट. पुन्हा राख, पुन्हा काथ्या, पुन्हा चिकट. मला वाटलं सकाळपासून माझ्याच हातात जीव नाही. मी वैतागून म्हटलं, "काकी, तुमच्या या गोऱ्या राखेपेक्षा आमची काळी बरी. हिने तेल निघत नाही."

काकी वळली. मला वाटलं, राख चोरली म्हणून बोलणार. ती आली, खाली बसली, माझ्या हातातली ओली राख तिने दोन बोटांत घेतली आणि चोळली. मग उठून चुलीत हात घालून तळाची थोडी राख खरवडून आणली, पाण्याचा थेंब टाकला, चोळली. माझ्याकडे हात पुढे केला, "बघ." मी चोळून बघितली. चुलीतली राख बोटांत निसटत होती, साबणासारखी, आणि कातडीला किंचित चावत होती. दांडीची राख नुसती वाळू. काकीने दोन्ही जिभेला लावून पाहिल्या. मी म्हटलं, "अहो काकी." तिने ऐकलं नाही. मग तिच्या तोंडून निघालं, "मडकं."

मीही तेच म्हणणार होते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. अंगणातल्या त्या मडक्यात राखच होती. थेंब थेंब गळणारं ते पिवळं पाणी, त्यात राखेचा सगळा जोर उतरलेला, आणि तो जोर चांगुणाबायच्या नवऱ्याच्या सदऱ्यांना गेलेला. आमच्या वाट्याला आला तो चोथा. त्या चोथ्याला आम्ही झाकणं घातली होती, पावसापासून जपलं होतं, जेवणावरून उठून पाहून आलो होतो. काकीला हसू फुटलं. मी तिला हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिने डोळे पुसले आणि पदर खोचला. "चल," म्हणाली. पातेलं तसंच राहिलं.

चांगुणाबायला आधी राग आला. "म्हंजे आमी तुमाला खराब राख दिली?" काकी म्हणाली, "तसं नाय गो. तू चांगलीच दिलीस. आमाला वाईट पायजे होती." चांगुणाबायला काही कळेना. "अगो, धुतलेली देतो आमी. पावण्याला काय काळी राख देऊ? लोक काय म्हनतील?" मग काकीने तिला हाताला हात लावून, मडक्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं, तशी ती कपाळावर हात मारून खाली बसली. "एवडी वांगी खाल्ली आमी तुमची, आनि तुमाला भुस्सा." मग तिने जे केलं त्यासाठी मी तिला आजही मनातल्या मनात नमस्कार करते. जाळी रंगवायला झाडाची साल मोठ्या भांड्यात उकळतात, त्या भट्टीखालची राख होती, काळी, कोळशाची, न धुतलेली. ती कुणी घेत नसे. तिने ती पोत्यात भरली आणि स्वतः डोक्यावर घेऊन आमच्याबरोबर वाडीपर्यंत आली. वांगी घेतली नाहीत. "आदीचीच फिटली नाय," म्हणाली.

पण काकीने ती राख एकदम घातली नाही. मला वाटलं होतं आता ओतू सगळी, एवढा उशीर झाला आहे. ती म्हणाली, "वाळू हाय ही. एकदम दिलं तर एकदम खाली जाईल. त्या मडक्यावानीच हाय ही, बुडाला भोक." म्हणून थोडी थोडी. वरंब्याच्या दोन्ही अंगांना हाताने रेघ ओढायची, राख टाकायची, वाळू लोटायची, वर तागाचा पाला. मग हलकं पाणी, घागर ओतून नाही, हाताने शिंपडून. काही दिवसांनी पुन्हा. रोजचं भरपूर पाणी बंद. तहान बघून द्यायचं. मासळीचं खतही बंद. काकीला न देणं फार कठीण गेलं. तिचा स्वभावच ओतण्याचा. संध्याकाळी ती रिकामी घागर हातात घेऊन वेलांमधे उभी राही आणि मग परत ठेवून देई.

करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. त्याच्याकडे बघत बसलं तर माणूस हरतो. नवीन पानाकडे बघायचं, हे मी त्या हिवाळ्यात शिकले आणि ते शेतीबाहेरही पुष्कळ वेळा उपयोगी पडलं. पौषात एका सकाळी मी वाडीत गेले आणि वेलांच्या मधल्या पानांवरून हात फिरवला. कडा गुळगुळीत, शेवटपर्यंत हिरव्या. पुढच्या वेलाच्याही. त्याच्या पुढच्याही. मला भरून आलं. पानासाठी रडणारी मी पहिलीच बाई असेन, पण छातीवर बसलेलं काही तरी उठून गेलं, असं खरंच वाटलं. काकीला हाक मारली. ती आली, तिने पाहिलं आणि सुरूच्या रोपांना पाणी घालायला गेली. त्या दिवशी पाणी जरा जास्तच घातलं असावं.

आता बोईसरमध्ये राख कुठे मिळते, तर बेकरीत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आहे, पाव अजून लाकडाच्या भट्टीत भाजतात. काल गेले. भट्टीवरचा मुलगा उत्तरेकडचा, मी राख मागितल्यावर म्हणाला, "माताजी, बर्तन के लिए?" मी म्हटलं, "मिरची के लिए." त्याने पिशवी भरून दिली. मी तिथेच चिमूट ओली करून बोटांत चोळली. निसटली. थोडी चावली. तो माझ्याकडे बघत होता, त्याला मी हसून दाखवलं. घरी येऊन कुंडीत चिमूटभरच घातली, जास्त नाही. काकीचा धाक अजून आहे.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी खणायचं ठरलं. उपासाला रताळी लागतात, बोईसरच्या बाजारात त्या दिवशी मागणी असते, आणि मामंजींची मुदतही तीच होती. मामंजी आले आणि बांधावर उभे राहिले. काकी डोक्यावर पदर ओढून, पाठ त्यांच्याकडे करून, पहिल्या वरंब्याशी बसली. मी मधे. वेल आधी कापून बाजूला केले होते. काकीने कुदळ न घेता हातानेच वाळू उकरली. वाळूची एक मेहेरबानी अशी की ती लपवत नाही. दोन ओंजळी बाजूला झाल्या आणि रताळं दिसलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. जाड, लालसर, अंगाने भरलेलं. तिने ओढलं तसा एका देठाला लटकलेला सगळा घोस वर आला आणि वाळू आपोआप गळून पडली.

मी श्वास सोडला तो मामंजींना ऐकू गेला असणार. काकी पुढच्या वरंब्याकडे सरकली. तिथेही तसंच. तिसऱ्याकडे. एका ठिकाणी बारीक निघाली, पाण्याच्या पन्हळीजवळ, तेव्हा ती थांबली आणि त्या जागेकडे रागाने बघितलं, आणि मग पुन्हा पुढे. टोपल्या भरायला लागल्या. मामंजी बांधावरून खाली उतरले, एक रताळं उचललं, वाळू झटकली, हातात तोललं. मग ते कापलेल्या वेलांच्या ढिगाकडे वळले. दरवर्षी ते वेल गोठ्यात जायचे, बैलांना. बैलांचं शेणमूत जायचं भातशेतीत. म्हणजे वाडीचं घेतलेलं वाडीत परत कधी येतच नसे, हे काकीने मला त्या महिन्यात कितीदा तरी सांगितलं होतं, आणि एक निरोप तयार करून ठेवला होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवून म्हटलं, "मामंजी, काकी म्हणतात, वेल हवे तर न्या. पण गोठ्यातला बैलांखालचा ओला पेंढा वाडीत आला पाहिजे. नाहीतर वेल इथेच गाडणार."

मामंजींनी विचार केला. "पेंढा घे म्हनावं," ते म्हणाले. मी मान वळवायला लागले, पण काकीने आधीच मान हलवली होती. मग मामंजी विहिरीकडे गेले, सुरूच्या रोपांशी थांबले. एक डबा उचलला. रोप हिरवंगार होतं, कुणी तरी मायेने वाढवलेलं, आणि ते कुणी वाढवलं हे त्यांना माहीत होतं. ते तो डबा हातात घेऊन परत आले. मी मान तयार ठेवली. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. काकीपासून जरा अंतर राखून ते उभे राहिले आणि थेट तिच्या पाठीला म्हणाले,

"मथुरा, ही रोपं कुठं लावू?"

काकी वाळूत तशीच बसून राहिली. पदर पुढे ओढायला तिचा हात वर गेला आणि मधेच थांबला. हाताला वाळू होती. मग तिने तोच हात पुळणीकडे केला, समुद्राच्या बाजूच्या बांधाकडे.

"तितं," ती म्हणाली. "वारा अडेल. वाळू उडते लय."

तिचा आवाज इतका साधा होता की मला वाटलं, ही दोघं रोजच बोलत असावीत. मामंजी "बरं" म्हणाले आणि डबा घेऊन बांधाकडे चालू लागले. मी तिथेच उभी, कुणाचा निरोप कुणाला द्यावा ते न कळून.

काकीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "तू काय ऐकत उबी र्‍हायलीस?" म्हणाली. "जा, आमच्या दोघांना चा ठेव."